यादी खोड, पैसे पुरतील

पत्र: ताई, मी सांगलीची, वय २७, एका पतसंस्थेत नोकरी करते. कॉलेजातली मैत्रीण आणि मी, दोघीच मार्चमध्ये १८ दिवस व्हिएतनामला जायचं म्हणतोय. पाठीवर सॅक, टूर कंपनी नको. माणशी ९० हजार साठलेत, विमानही त्यातच बसवायचंय. यादी तयार आहे: हनोई, सापा, हा गियांग, हा लाँग, निन्ह बिन्ह, ह्युए, दा नांग, होई आन, दा लात, सायगॉन, फू क्वोक. मी शाकाहारी, मैत्रीण अंडं खाते. हा गियांगच्या घाटात स्कूटर भाड्याने घ्यायची आहे, गाडी दोघींनाही येते. आई म्हणते, एवढे पैसे घालवतेच आहेस तर टूरबरोबर जा, निदान जेवण तरी आपलं मिळेल. पैसे पुरतील का? आणि आईला काय सांगू? (कृपया नाव छापू नये.)

अगं, पैसे पुरतील. यादी पुरणार नाही.

१८ दिवसांत ११ गावं म्हणजे दर दीड दिवसाने सॅक भरायची. नकाशात हा देश चिंचोळा दिसतो, त्यामुळे वाटतं की वरून खाली सरकत गेलं की झालं. पण हनोई ते सायगॉन रेल्वेने १७२६ किलोमीटर आहे. मुंबई-दिल्लीहूनही साडेतीनशे किलोमीटर जास्त, आणि गाडी मीटर गेजवरून डुलत डुलत तीस-पस्तीस तासांनी पोचते. (सरकारी कागदावर ते हो ची मिन्ह सिटी, पण तिथले लोक बोलताना सायगॉनच म्हणतात, मीही तेच म्हणणार.)

माझी पहिली यादी तुझ्याहून लांब होती. बरोबर धाकटी बहीण. एका रात्रीचं खोलीभाडं वाचावं म्हणून स्लीपर बस घेतली. त्या बसमध्ये चढतानाच पायातलं काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावं लागतं. पहाटे चारला क्लीनरने हलवून उठवलं आणि ह्युएच्या बाहेर कुठल्याशा पेट्रोलपंपापाशी उतरवलं. आम्ही बूट शोधून पायात घालतोय तोवर बस गेलीसुद्धा. समोर एकच टॅक्सी. त्याने मोबाइलवर आकडा दाखवला, आम्ही मान डोलावली. हॉटेलची खोली दुपारी दोनला मिळणार होती, म्हणून बहिणीने शेजारच्या हॉटेलात अर्ध्या दिवसाची खोली घेतली, घासाघीस न करता. तिच्या खर्चाच्या वहीत त्या तारखेपुढे अजून लिहिलेलं आहे: "वाचवले ६००, गेले २१००."

म्हणून खोली ५०० ची की ७०० ची, यावर रात्री जागवू नकोस. दमल्यावर आपण "जाऊ दे, देऊन टाक" म्हणतो, तिथे खरी गळती असते. जितक्या वेळा गाव बदलशील तितक्या वेळा दमशील.

आता खोडरबर घे. सापा आणि हा गियांग खोड. मार्चमध्ये उत्तरेत बारीक झिरमिर असते, धुकं असतं. ज्या दऱ्या बघायला रात्रभर प्रवास करायचा त्या ढगात बुडालेल्या असण्याची शक्यता बरीच. हा लाँग म्हणजे समुद्रातून उठलेल्या चुनखडीच्या सुळक्यांची खाडी, तिचंही तेच. शिवाय स्वस्तातली बोट घेतलीस तर गर्दीत, आणि बरी बोट घेतलीस तर तुझं चार दिवसांचं बजेट एका दिवसात. तसलेच सुळके निन्ह बिन्हला भाताच्या खाचरांतून उठलेले आहेत, तिथे वल्ह्यांच्या होडीतून फिरता येतं, धुक्यातही ते छान दिसतात. दा लात थंड हवेचं ठिकाण, आपल्याकडे महाबळेश्वर आहे. फू क्वोक बेट, कोकण आहे. दा नांगला फक्त उतरायचं.

उरतात पाच: हनोईत ३ रात्री, निन्ह बिन्हला ३, एक रात्र गाडीत, ह्युएला ३, होई आनला ४, पुन्हा एक रात्र गाडीत, सायगॉनला २. झाल्या १७ रात्री. जाताना हनोईत उतर, येताना सायगॉनहून नीघ. मुंबईहून दोन्हीकडे थेट विमानं आहेत आणि स्वस्तातल्या कंपन्या एकेरी तिकीटं वेगवेगळी विकतात, त्यामुळे परत वर जायचं कारणच नाही.

तू म्हणशील, बस नको सांगता आणि स्वतः दोन रात्री गाडीत घालता. रेल्वेची गोष्ट वेगळी आहे. तिथे पाठ टेकते, आणि उतरायचं ते गावातल्या स्टेशनवर, उजाडल्यावर. तिकीट काढताना मात्र आपली सवय बाजूला ठेव. आपल्याकडे वरचा बर्थ म्हणजे निवांतपणा. तिथे सहा बर्थच्या कंपार्टमेंटात सगळ्यात वरचा बर्थ सगळ्यात स्वस्त असतो, कारण त्यावर ताठ बसता येत नाही. मी अकरा तास कोपरावर रेलून काढलेत. थोडे पैसे जास्त पडले तरी चार बर्थचं कंपार्टमेंट घे, नाहीतर सहातला खालचा. ह्युए ते दा नांग मात्र दिवसाच्या गाडीने जा आणि डाव्या हाताची खिडकी पकड. तीनेक तासांचा रस्ता आहे, मध्ये हाय वान घाट लागतो, रूळ डोंगराच्या कडेने आणि खाली समुद्र. साध्या सीटच्या तिकिटात हे मिळतं. होई आनला रेल्वे नाही, दा नांगहून तीसेक किलोमीटर रस्त्याने. स्टेशनला तिथे "गा" म्हणतात, फ्रेंचांनी मागे ठेवलेला शब्द. रिक्षावाल्याला "गा, गा" म्हटलं की तो गाणं म्हणत नाही, स्टेशनवर नेतो.

हिशोब बघू. ९० हजारातून विमान जाऊन-येऊन २६ धर, लवकर काढलंस तर कमीत होईल. व्हिसा २५ डॉलर आणि प्रवास विमा मिळून चार हजार. उरले ६०. त्यातले १० हजार नाहीतच असं समज, ते दुखणंखुपणं आणि चुकलेली गाडी यांच्यासाठी. ५० हजार भागिले १८, म्हणजे रोज पावणेतीन हजारांच्या आसपास.

तिथलं चलन डाँग. हजार डाँगचे साधारण सव्वातीन-साडेतीन रुपये होतात. तू साडेतीन धर म्हणजे चूक झाली तरी आपल्या फायद्याची. शेवटची तीन शून्यं झाकायची आणि साडेतीनने गुणायचं. म्हणजे तुला रोज आठ लाख डाँग उडवायचे आहेत, पतसंस्थेत ही संधी मिळायची नाही. त्यात हॉस्टेलची कॉट दीड ते अडीच लाख. पण दोघी आहात, तर आधी गेस्ट हाउसची दोन माणसांची खोली विचारा. ती साडेतीन-चार लाखांत मिळते, म्हणजे दोन कॉटच्याच भावात दार बंद करून झोपता येतं, सॅकेला कुलूप लावत बसावं लागत नाही. रस्त्यावरचं जेवण ४० ते ६० हजार, कॉफी २०-३० हजार. ह्युएच्या राजवाड्याचं तिकीट दोन लाख आहे, ते अंगावर येतं. पण न्गुएन राजांनी १८०२ पासून १९४५ पर्यंत तिथून राज्य केलं, अर्धा दिवस सहज जातो. ते दे. दर दिवशी आठ लाख संपतीलच असं नाही, निन्ह बिन्हला पाचात भागेल. ते उरलेले रेल्वेत जातील.

नोटा प्लॅस्टिकच्या असतात आणि एकमेकींना चिकटतात. २० हजारांची नोट निळी, पाच लाखांचीही निळी. संध्याकाळच्या उजेडात शहाळ्यासाठी पाच लाख देऊन बसशील. पहिल्याच दिवशी पाच लाखाच्या नोटा वेगळ्या कप्प्यात टाक आणि बाहेर काढताना शून्यं मोज. तू दिवसभर नोटाच मोजतेस, तुला जमेल. एटीएम दर वेळी शुल्क घेतं, म्हणून चार वेळा थोडे काढण्यापेक्षा दोनदा जास्त काढ, आणि मशीन "रुपयांत रूपांतर करू का?" असं विचारतं तेव्हा नाही म्हण, त्यांचा भाव नेहमी वाईट असतो. थोडे डॉलर जवळ असू दे, कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा. बँकेत बदल.

व्हिसावर दोन शब्द जास्त लिहिते, कारण माझ्याकडे येणाऱ्या रडगाण्यांतली निम्मी इथलीच असतात. ई-व्हिसा फक्त व्हिएतनाम सरकारच्या साइटवरून काढ, पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट व्हीएन असतं. शोधलंस की हुबेहूब दिसणाऱ्या दहा साइट आधी येतात आणि तिप्पट पैसे घेतात. आता मुख्य गोष्ट. आपल्या मराठी पासपोर्टात पहिल्या नावाच्या रकान्यात बहुतेकांचं स्वतःचं आणि वडिलांचं (किंवा नवऱ्याचं) असं दोन्ही नाव असतं. फॉर्म भरताना आपण सवयीने वडिलांचं नाव गाळतो. पासपोर्टवर तीन शब्द आणि व्हिसावर दोन, मग मुंबईच्या काउंटरवरची मुलगी बोर्डिंग पास देत नाही. तिचं काही चुकत नाही. पासपोर्ट समोर उघडा ठेवून अक्षर न् अक्षर उतरव, विमानाच्या तिकिटावरही तेच. दुसरी चूक तारखेची. विमान ९ तारखेला रात्री पावणेबाराला उतरणार आणि व्हिसा १० पासूनचा, असं करू नकोस. ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो, तेव्हा सुरुवात दोन दिवस आधीची टाक. कागदोपत्री तीन कामाचे दिवस लागतात, तू तीन आठवडे हातात ठेव.

आता जेवण. तिथे "चाय" म्हणजे शाकाहारी. पाटीवर रोमन अक्षरांत सी, एच, ए, वाय दिसलं की आत शिर. चहाची अपेक्षा ठेवू नकोस, चहाला "चा" म्हणतात. "कॉम चाय" म्हणजे शाकाहारी भाताची खानावळ: काउंटरवर दहा-बारा भाज्या, टोफूचे प्रकार, मश्रूम, फणसाचीही भाजी असते, बोट दाखवायचं आणि ताट भरून घ्यायचं. ही बौद्धांची जेवणं आहेत. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास, एरवी मांस खाणारे पुष्कळ लोकही चाय खातात, एकादशी पाळल्यासारखे. त्या दिवशी साध्या हॉटेलांतही चाय मिळतं, आणि खानावळीत रांग असते.

"भाज्या घातलेला फो" (नूडल्सचं सूप) मात्र टाळ. वर पालेभाजी असली तरी रस्सा हाडांचा असतो, आणि पुष्कळ पदार्थांत नुओक माम, माशाचं पाणी, आपल्या मिठासारखं पडतं. नुसतं "मांस नको" म्हटलं तर ते खुशाल घालतात, त्यांच्या लेखी ते मांस नाहीच. "चाय" हाच शब्द वापर. मैत्रिणीचं सोपं आहे, बान्ह मी म्हणजे फ्रेंचांच्या लांबट पावात आम्लेट, काकडी आणि लोणच्यातलं गाजर, २५ हजारात पोट भरतं. भारतीय हॉटेलं सगळ्या मोठ्या गावांत आहेत, पण एका पनीरच्या पैशात तीन वेळा चाय होईल. अठरा दिवसांत एकदा जा, घरची आठवण फार आली तर.

घरून शेंगदाण्याची चटणी ने, अर्धा किलो, कोरडी. साधा भात कुठेही मिळतो. मी ह्युएच्या एका खानावळीत डबी उघडली तर मालकीणबाई येऊन वास घेऊन गेल्या आणि आतून आपली बरणी घेऊन आल्या. भाजलेले तीळ, शेंगदाणे आणि मीठ, जाडसर कुटलेलं. "मुओई मे," म्हणाल्या. भातावर घालून खातात. फक्त लसूण आणि तिखट नव्हतं. मी त्यांना माझी चमचाभर दिली, त्यांनी डोळ्यांतून पाणी काढलं आणि अजून एक चमचा मागितला.

स्कूटर. हा गियांग खोडलंय म्हणजे प्रश्न मिटला, असं समजू नकोस. होई आनला कोणीतरी ६०-७० रुपये तासाने गाडी पुढे करेलच. तुझं लायसन्स तिथे चालत नाही. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढलास तरी आपला परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराचा असतो आणि व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा मानतं. गाडी देणारा हे विचारत नाही. विचारतात दोघे, पोलीस आणि पडल्यावर विमा कंपनी. दवाखान्याचं बिल आलं की "वैध परवाना नव्हता" या एका ओळीवर दावा फेटाळला जातो. होई आन आणि निन्ह बिन्ह सपाट आहेत, सायकल घे. पुष्कळ गेस्ट हाउसं फुकट देतात. लांब जायचं तर ग्रॅब अ‍ॅपवर मोटारसायकल बोलाव आणि मागे बस. भाव आधी दिसतो, वाद होत नाही. आणि कोणाकडेही पासपोर्ट गहाण ठेवू नकोस, गाडीवाल्याकडे तर नाहीच. हॉटेलवाले पोलिसांत नोंद करायला मागतात, ती पद्धतच आहे, नोंद झाली की परत माग.

विमानतळावर सिमकार्ड घे. हनोईच्या विमानतळावरून ८६ नंबरची बस थेट जुन्या शहरात जाते, टॅक्सीवाले घेराव घालतील, हसून पुढे चाल. रस्ता ओलांडताना थांबायचं नाही, पळायचं नाही, एका चालीने पुढे जात राहायचं, स्कूटरी आपोआप बाजूने वाहतात. पुण्यात चार वर्षं काढलेल्यांना शिकवावं लागत नाही. हनोईत कावड घेतलेली बाई ती तुझ्या खांद्यावर ठेवून "फोटो, फोटो" म्हणेल, फोटोनंतर अननसाची पिशवी आणि दोन लाख. बुटांना गोंद लावणारी पोरंही आहेत, तू नको म्हणेपर्यंत तळवा उचकटलेला असतो. सायगॉनमध्ये रस्त्याच्या कडेला उभं राहून मोबाइलवर नकाशा बघू नकोस, स्कूटरवरून ओढून नेतात. दुकानाच्या आत जाऊन बघ. बाकी दोन मुली म्हणून रात्री नऊ-दहाला फिरताना मला तिथे आपल्याहून जास्त मोकळं वाटलं.

होई आनला चार रात्री का ठेवल्या, ते सांगायचं राहिलं. त्यातली एक सकाळ "मी सन" नावाच्या जागेसाठी आहे. चाळीसेक किलोमीटरवर डोंगरांच्या वाटीत चंपा या तिथल्या जुन्या राज्याच्या राजांची शिवमंदिरं आहेत. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने तिथे लिंग स्थापलं आणि स्वतःच्या नावावरून त्याला भद्रेश्वर म्हटलं, त्यानंतर हजारेक वर्षं तिथे देवळं उठत राहिली. सगळं विटांचं, आणि विटांमध्ये चुना दिसत नाही, नख घालून बघितलं मी. १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत सगळ्यात उंच देऊळ गेलं. गवतात अजून खड्डे आहेत, त्यात पावसाचं पाणी साठतं. अलीकडे आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याने तिथल्या काही देवळांची डागडुजी केली, त्या कामात २०२० मध्ये एक अखंड वालुकाश्माचं शिवलिंग मातीतून वर आलं. एका खांबावर संस्कृत लेख आहे. अक्षरं देवनागरी नाहीत, वाचता येणार नाही. माझ्या शेजारचा गाइड एका जपानी घोळक्याला "शिवा, शिवा" समजावत होता आणि मी उगाच मान डोलावत होते, आपल्या घरचं कोणी बोलतंय अशी. उघडतं तेव्हाच आत शीर, नऊनंतर बसगाड्या येतात आणि विटा तापतात. तिकीट दीड लाख. (व्हिएतनाममध्ये शिवरायांचा पुतळा आहे असा निरोप तुझ्याही ग्रुपवर आला असेल. मी दोन वेळा गेले, विचारत फिरले, मला काही तो सापडला नाही. शिवाची देवळं मात्र सापडतात.)

सॅक सात किलोच्या आत बसव. स्वस्त तिकिटात हातातलं सातच किलो धरतात आणि काउंटरवर जादा सामानाला जे मागतात त्यात होई आनच्या दोन रात्री निघतील. तीन जोड कपडे, एक जाकीट उत्तरेच्या गारठ्यासाठी, ते विमानात अंगावरच घाल. चटणीची डबी धरून वजन कर.

राहिली आई. तिला टूरचं पत्रक आणि तुझा कागद शेजारी ठेवून दाखव. पाच गावं, प्रत्येक हॉटेलचं नाव आणि फोन, दोन्ही रेल्वेची तिकिटं, विम्याचा नंबर, हे सगळं एका पानावर, मोठ्या अक्षरात, फ्रिजवर चिकटवायला. तुझी अकरा गावांची यादी बघून ती घाबरली असेल तर तिचं बरोबरच होतं. आणि फोनची वेळ ठरवून टाक. तिथलं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. तुझे साडेनऊ म्हणजे तिचे आठ, मालिका सुरू व्हायच्या आत.